खिळ्यांची वाटणी

माझा चुलतभाऊ माधव याने आमच्या छापखान्याविषयी एक स्मरणिका छापून आप्तांत वाटली आहे. कागद गुळगुळीत आहे, मुखपृष्ठावर माझे वडील आणि काका यांचे शेजारी शेजारी छायाचित्र आहे, आणि आत लिहिलेले बहुतेक सगळे खोटे आहे. माधव महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाला. त्यामुळे त्याचे खोटेही परिच्छेद पाडून, तळटिपा देऊन येते. त्याने लिहिले आहे की आदिलाबादच्या आमच्या छापखान्याची वाटणी 'शास्त्रशुद्ध' झाली, कारण आमच्याकडे प्रत्येक वस्तू प्रकारवार लावलेली होती आणि प्रकारवार लावलेल्या वस्तू निम्म्या करणे सोपे असते. पुढे जाऊन तो म्हणतो की आजचे टाइपसेटिंगचे सॉफ्टवेअरसुद्धा आपली पॅकेजे, म्हणजे एकेका कामाला लागणाऱ्या फायलींचे संच, याच पद्धतीने ठेवते, म्हणजे आमची माणसे काळाच्या पुढे होती. आणि मग एका ओळीत, काही विशेष घडलेच नाही अशा थाटात, त्याने नोंदवले आहे की दोन हिश्श्यांमधला बांबूचा तट्टा 'एके दिवशी वाऱ्याने पडला'. वाऱ्याने! माधव त्या दिवशी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तो हयात आहे, मी हयात आहे, आणि दोघांचीही नजर अजून शाबूत आहे. हे प्रकरण मी त्याने वाचावे म्हणूनच लिहितो आहे. उत्तर द्यायचे असेल तर त्याने जरूर द्यावे; कागद मी पुरवीन.

छापखाना आणि घर एकाच छपराखाली होते, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे पत्र्याची लांब खोली, तिच्या मधोमध पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र; मागे स्वयंपाकघर आणि अंगण. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की आई चूल पेटवी, आणि भाकरी थापण्याचा आवाज थांबेपर्यंत पुढच्या खोलीत ट्रेडलचा ठेका सुरू झालेला असे. शाईचा, घासलेटचा आणि लसणाची फोडणी दिलेल्या अंबाडीच्या भाजीचा असा एक मिळून वास त्या घराला होता; तो मला पुढे कुठल्याही घरात भेटला नाही. हंगामात कापसाचे तंतू उडत येऊन ओल्या छपाईवर बसत आणि बाबा ते मोरपिसाने झटकत. बाबा, शंकरकाका, दोघांच्या बायका, मी, माधव, आणि तेलुगू खिळे जुळवणारा मल्लय्या, इतकी माणसे दुपारी एकाच पंगतीत जेवत. मल्लय्या जातीने कोण, हे आमच्याकडे कुणी विचारले नाही. तो तिखट फार खातो, एवढीच त्याच्याविषयी घरात तक्रार होती. काकू त्याला वाढताना म्हणे, "मल्लय्या, मिरच्या संपल्या, आता ठेच्यात शाई टाकू काय?" आणि तो मान न उचलता म्हणे, "टाका वहिनी, काळी नको, लाल टाका."

आता व्यवस्थेविषयी, कारण माधवने सगळा घोळ तिथेच घातला आहे. खिळे म्हणजे शिशाच्या मिश्रणाची एकेक अक्षरे. ती लाकडी पेट्यांमध्ये असत. पेटीला लहानमोठे खण, प्रत्येक खणात एकच अक्षर. मराठीला काना जास्त लागतो, म्हणून कान्याचा खण मोठा आणि हाताशी; ङ वर्षानुवर्षे लागत नाही, म्हणून त्याचा खण कोपऱ्यात. ओतणारा कारखाना संपूर्ण संच याच प्रमाणात पाठवतो: इतके काने, इतके र, इतके त, म्हणजे मोठे पान जुळवताना सगळी अक्षरे साधारण एकदमच संपत येतील. मराठीच्या पेट्या उत्तरेच्या भिंतीला, तेलुगूच्या दक्षिणेच्या. किनारी एका फडताळात, गणपतीचे आणि बैलजोडीचे ठसे दुसऱ्यात, ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्या तिसऱ्यात. म्हणजे, होय, प्रकारवार. मुधोळच्या एखाद्या व्यापाऱ्याची लग्नपत्रिका निघायची तर तिचे अवयव खोलीच्या चारही दिशांना विखुरलेले असत. पण ते कुठे आहेत, कशासोबत काय लागते, कोणती किनार कोणत्या मापाच्या अक्षराशी शोभते, हे बाबांच्या डोक्यात अखंड होते. ते यंत्रापाशी उभे राहून नुसते "मुधोळची पत्रिका" म्हणत आणि काका, मी, माधव चार दिशांनी जाऊन नेमके तेवढेच घेऊन परत येत असू. व्यवस्था फडताळांत नव्हती. ती त्या हाकेत होती.

माधवचा सॉफ्टवेअरचा दावा मी तसाच सोडणार नव्हतो. माझी नात रेवती गणितात संशोधन करते आणि आपला प्रबंध अशाच सॉफ्टवेअरमध्ये जुळवते. तिला मी शेजारी बसवले आणि म्हणालो, हे आतून उघडून दाखव. तिने दाखवले. एक मूळ फोल्डर. त्याच्या खाली शाखा. अक्षरवळणे एका शाखेत, पानाच्या मांडणीचे नियम दुसरीत, माहितीपत्रके तिसरीत. एकच पॅकेज घेतले, समजा देवनागरीचे, तर त्याचे तुकडे या सगळ्या शाखांमध्ये पसरलेले.

"म्हणजे माधव बरोबर म्हणतो?" मी विचारले. माझा आवाज चढला असावा, कारण तिने चहाचा कप माझ्यापासून दूर सरकवला.

"अर्धं बरोबर, आजोबा. या सगळ्यावर एक सूची असते. कोणता तुकडा कोणत्या पॅकेजचा, कुठे ठेवलाय, आणि त्या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजं लागतात, ते तिला माहीत असतं. एक मागवलं की सोबतची आपोआप येतात. एका कामाची पॅकेजं मिळून एक गट, आणि सगळे गट मिळून पूर्ण मांडणी."

"आणि एखाद्याला स्वतःचं काही घालायचं असेल?"

"त्याच्यासाठी वेगळी शाखा. मूळ पॅकेजांना हात लावायचा नाही. सॉफ्टवेअर आधी तुमच्या शाखेत बघतं, मग मूळ साठ्यात."

"आणि कुणी हा मूळ साठाच निम्मा करून दोन संगणकांत टाकला तर? प्रत्येक शाखेतला निम्मा?"

ती हसली. "असं कोण करेल? पहिल्याच पानाला अडेल. अमुक फाइल सापडली नाही, असं सांगेल आणि थांबेल."

असं कोण करेल, हा प्रश्न माझ्या नातीने हसत विचारला. माझ्या बापाने आणि त्याच्या सख्ख्या भावाने केले, पंच बसवून केले, आणि माधव त्याला शास्त्र म्हणतो. प्रकारवार लावणे वेगळे आणि प्रकारवार तोडणे वेगळे, हे ज्याला उभ्या आयुष्यात कळले नाही त्याने व्यवस्थेवर लेख लिहू नये.

भांडण क्षुल्लक होते. निवडणुकीत एका उमेदवाराला शिव्या देणारे पत्रक बाबांनी छापायला नकार दिला होता. ते लग्नाला गेलेले असताना काकांनी ते छापले. बाबा परत आले, वाळत घातलेले कागद पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. ते ओरडले असते तर छापखाना वाचला असता, असे मला आजही वाटते. आमच्या घरात राग गिळणे हा मोठेपणा समजला जाई, आणि गिळलेला राग पोटात जाऊन न्यायाचे रूप घेई. आठवडाभराने बाबा म्हणाले, "शंकर, आपण वेगळे होऊ. पण लोकांनी नाव ठेवू नये असे होऊ." काका म्हणाले, "तुमी म्हणाल तसं, दादा." दोघांनाही एकच भीती होती: आपल्याकडे चिमूटभर जास्त आले असे कुणी म्हणू नये.

पंच म्हणून गोविंदशेठ आले. कापसाचे अडते, वजनाच्या बाबतीत त्यांचा शब्द इचोड्याच्या बाजारापर्यंत चाले. सोबत पितळी तराजू. ते खोलीच्या मध्यभागी बसले, घाम पुसला, आणि त्यांनी तसफियाचा, म्हणजे निवाड्याचा, नियम सांगितला: "जे कापता येत नाही ते पाळीनं. जे तोलता येते ते तोलून." म्हणून ट्रेडल यंत्र पाळीवर गेले, एक दिवस बाबांचे, एक दिवस काकांचे. आणि खिळे, केवळ ते लहान होते आणि तराजूत मावत होते एवढ्याच गुन्ह्यासाठी, तोलायला निघाले. मराठीचा क, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. तेलुगूचा क, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. मला तेव्हा मिसरूड फुटले होते, मी शाळा संपवून पूर्ण वेळ छापखान्यात होतो, आणि हा छापखाना पुढे मी चालवणार हे घरात गृहीत होते. मला राहवले नाही.

"शेठजी, विहिरीची वाटणी कशी करता?"

"पाळीनं. अन् कशी?"

"विहिरीतलं पाणी तोलता येते ना? मग अर्धं अर्धं उपसून दोन हौदांत काऊन नाही भरत?"

गोविंदशेठ खो खो हसले. "दादा, पोरगं वकील होते तुमचं!"

"मी खरं सांगून राह्यलो. खिळ्यांची बी पाळी लावा. नाहीतर एकानं सगळी मराठी घ्या, एकानं सगळी तेलुगू घ्या. संच मोडू नका. अर्ध्या संचात अर्धं पान बी धड निघत नाही."

यावर काका म्हणाले, तेलुगू ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे कचेऱ्यांचे काम जाईल, मग समान काय राहिले? आणि बाबा, ज्यांच्या डोक्यात ती संपूर्ण व्यवस्था होती, ज्यांना हे सगळे माझ्यापेक्षा हजारपट कळत होते, ते खाली बघत म्हणाले, "पाळी लावली तर रोज मागायला जावं लागीन. भावाच्या दारात रोज मागायचं? तोला शेठजी." माधवने लिहिले आहे की वाटणी काकांच्या आग्रहावरून झाली नाही. खरे आहे, मान्य. माझ्या वडिलांच्या आग्रहावरून झाली. मी कुणाची बाजू घेत नाही, हे यावरून त्याने समजून घ्यावे.

दक्षिणेकडच्या खिडकीजवळ बसून मल्लय्या हे पाहत होता. तेलुगूचा वत्तू, म्हणजे अक्षराखाली बसणारे बारीक जोडाक्षर, पारड्यात पडू लागला तेव्हा तो उठून तराजूजवळ आला आणि मांडी घालून खाली बसला. "एमय्या शेठजी, मला पण तोला," तो म्हणाला. "डोकं दादाकडं, पाय शंकरबाबूकडं. ट्रेडलला पायच लागतात." गोविंदशेठांनी पुढचे पारडे भरले. शेवटी त्यालाही वाटलेच: सकाळी तो बाबांकडे बसे, जेवण झाले की पाट उचलून काकांकडे.

खोलीच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा राहिला, यंत्रापाशी दोन्हीकडून यायला वाट ठेवून. चुली दोन झाल्या. फक्त अंगणातला पाटा एकच राहिला. तो पुरलेला दगड होता, पाळीची गरज कुणाला भासली नाही. आई आणि काकू पूर्वीसारख्या समोरासमोर बसून एकाच वेळी आपापले वाटण वाटत, आणि निघताना एकमेकींच्या चटणीचा गोळा घेऊन जात. त्यांना कुणी पंच बोलावले नव्हते. दोन बायकांना जे एका दगडावर जमले ते दोन पुरुषांना इतक्या मोठ्या खोलीत जमले नाही, आणि स्मरणिकेत मात्र छायाचित्र पुरुषांचे आहे.

पहिले काही दिवस लहानसहान कामांवर निघाले. पावत्या, हातपत्रके, त्यांना अक्षरे थोडी लागतात, म्हणून उणेपणा झाकला गेला. मग मराठी शाळेचे मुख्याध्यापक परीक्षेचे पेपर घेऊन आले. पैनगंगेकडच्या गावांतली पुष्कळ मुले त्या शाळेत मराठीतून शिकत. मुख्याध्यापक न्यायी माणूस. त्या गावात त्या वर्षी न्यायाची साथच आली होती. दोन्ही भावांचे मन राखावे म्हणून त्यांनी भाषा-इतिहासाचे पेपर आमच्याकडे आणि गणित-विज्ञानाचे काकांकडे दिले. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "सोमवारी परीक्षा आहे. वरून सांगून ठेवलं आहे, मराठी पेपर वेळेत नाही आले तर तेलुगूतले वाटा. लेकरं काय लिहितील त्याच्यावर? नाव लिहून घरी जातील."

शुक्रवारी आम्ही बसलो. बारीक अक्षर, दाट मजकूर, एका पेपराला एक पूर्ण मोठे पान. पान निम्म्याच्या आसपास आले आणि काना संपला. र आणि त थोडेथोडके उरले होते. काना नव्हता, आणि काना नसताना मराठीचे एक वाक्य पुढे सरकत नाही. बाबांनी वरचा भाग छापून, खिळे सोडवून, मग त्याच कागदांवर खालचा भाग छापायचे ठरवले. म्हणजे प्रत्येक कागद दोनदा यंत्रातून जाणार. यंत्र शनिवारी काकांच्या पाळीत. उरला रविवार. एका रविवारात तेवढे पेपर दोनदा छापून निघणे शक्य नव्हते, आणि हे माझ्याइतकेच त्यांना ठाऊक होते. तरी ते जुळवत राहिले. तट्ट्यापलीकडे काकांच्या खिळे उचलायच्या चिमट्याचा आवाजही बंद पडला होता. मी बांबूच्या फटीतून पाहिले. त्यांचेही पान निम्म्यावर थांबले होते आणि माधव आकड्यांच्या रिकाम्या खणात बोट फिरवत बसला होता.

शनिवारी दुपारी मी समोरच्या दाराने बाहेर पडलो आणि समोरच्या दाराने काकांच्या हिश्श्यात गेलो. माधवच्या घरात असे सांगितले जाते की मी मागच्या खिडकीतून हात घालून खिळे चोरले. त्या खिडकीला गज होते, आजही आहेत, कुणीही जाऊन पाहावे. मी दारात उभा राहून मोठ्याने बोललो, रस्त्यावरच्या पानवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"काका, तुमचे काने द्या. किंवा आमचे आकडे घ्या. दोन्ही मिळून एक पान होते, वेगळं एक बी होत नाही."

"दादांनी धाडलं तुले?"

"नाही."

"मग जाय. दादांनी मागतले असते तर दोन्ही हातानं दिले असते."

मी तसाच बाहेरून आमच्या बाजूला आलो. "बाबा, काका म्हणतात तुमी मागा, ते देतात."

बाबांनी चिमटा ठेवला नाही. "त्यानं आपणहून द्यावं. मी त्याच्या हिश्श्याले हात कसा लावू?"

"अन् सोमवारी लेकरांनी?"

ते पुढचा खिळा उचलू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो. खरे सांगायचे तर इतका राग मला त्यापूर्वी कधी आला नव्हता आणि त्यानंतरही क्वचितच. शत्रूने अडवले असते तर मार्ग काढता आला असता. इथे दोघेही द्यायला तयार होते, दोघांचेही हात भरलेले होते, आणि दोघेही समोरच्याच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत नदीकाठच्या पोरांची परीक्षा बुडवायला निघाले होते. मी तट्ट्याजवळ गेलो, वरच्या आडव्या बांबूला दोन्ही हातांनी धरले आणि पूर्ण वजन टाकून खाली ओढले. दोर तुटले. तट्टा काकांच्या बाजूला आडवा पडला, आणि माधव उडी मारून मागे सरकला. हा तो वारा.

धूळ बसली तेव्हा दोघे भाऊ उभे होते आणि मधली जागा मोकळी होती. कुणीही तट्ट्याची जागा ओलांडून पलीकडे पाऊल टाकले नाही. जमिनीवरची ती बांबूंची रांग त्यांच्यासाठी अजून उभीच होती. मी ओलांडली. काकांच्या पेटीतले सगळे काने ओंजळीने उचलले आणि आमच्या कान्याच्या खणात ओतले.

"दत्ता, तो शंकरचा हिस्सा आहे!" बाबा ओरडले. वाटणीपासून ते प्रथमच ओरडत होते. "हात काढ!"

"दादाच्या लेकानं माझ्या खणात हात घातला," काका भिंतीला सांगावे तसे म्हणाले.

"हात धुतले होते का ते विचारा," मल्लय्या म्हणाला आणि यंत्राच्या पायट्यावर पाय ठेवून उभा राहिला. "बाबू, पान आणा. मला दोन मालकांचा पगार आहे, एक दिवस दोघांचं काम करतो."

माधवला मी सांगितले, र आण, त आण, वेलांटी आण. त्याने आणले. मग त्याने शाईचा रूळही धरला. हे मी नाकारत नाही. त्याने स्वतःच्या स्मरणिकेत का गाळले ते त्याला ठाऊक. भ्याला असेल. तेव्हाही भ्याला होता, पण तेव्हा भिऊनही काम केले होते, आणि ते जास्त चांगले होते. शनिवारची उरलेली दुपार आणि पूर्ण रविवार आम्ही तिघे राबलो. एक पान छापून उतरले की दुसरे जुळणीत. खिळे सोडवून परत खणात, खणातून परत पानात. दोघे भाऊ ओसरीच्या दोन टोकांना जाऊन बसले होते. पण छापणारा माणूस कच्चे मुद्रित पाहिल्याशिवाय राहू शकत नाही. पहिला कागद मी बाबांच्या समोर धरला. त्यांनी तो हिसकावून घेतला, एक अनुस्वार वाढवला. गणिताचा काकांपुढे धरला, त्यांनी उत्तर न जमणारे उदाहरण शोधून काढले आणि माझ्या हातात कागद देताना म्हणाले, "दादांले विचार, हा आकडा मूळ कागदात बी असाच आहे काय?" मी विचारले. "शंकरले सांग, तसाच आहे, पण तो म्हणतो ते बरोबर." असे दिवसभर, मी मध्ये, आणि ते दोघे एकमेकांपासून दहा पावलांवर. आई आणि काकू एकाच पातेल्यातून ज्वारीच्या कण्या आणि ताक घेऊन आल्या आणि त्यांनी ते कुणाला किती हे न पाहता वाढले. सूर्य जिनिंगच्या धुराड्यामागे गेला तेव्हा शेवटचा कागद दोरीवर चढला.

सोमवारी मीच पेपर शाळेत नेले. पोरे टाटपट्टीवर ओळीने बसली होती, काहींच्या पायांना अजून वाटेवरचा चिखल होता. मुख्याध्यापकांनी गठ्ठा सोडला आणि पहिला कागद हातात पडताच पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने वाचायला लागली. तिला गप्प करावे लागले. मी तिथे फार वेळ थांबलो नाही. मला वाटले होते की आता घरी जाऊन तट्ट्याचे बांबू चुलीत घालायचे. दोन अर्धे एकत्र केले की पान निघते, हे कालच सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मी परत आलो तेव्हा खोलीच्या मध्यभागी पितळी तराजू टांगलेला होता. गोविंदशेठ नव्हते, तराजू मागवून घेतला होता. दोघे भाऊ मांडी घालून समोरासमोर बसले होते आणि मी एकत्र केलेला मराठीचा संच, खणामागून खण, पुन्हा निम्मा करत होते. कुणी रागावलेले नव्हते. उलट दोघे इतक्या मायेने तोलत होते की बघवत नव्हते. काटा जरासा बाबांकडे झुकला की बाबा लगेच एक खिळा काकांच्या पारड्यात टाकत. काकांकडे झुकला की काका उचलून बाबांकडे ठेवत. कान्याचा खण झाला, र चा झाला. पुढे काही वर्षांनी हे दोन्ही अर्धे वेगवेगळ्या भंगारवाल्यांकडे शिसे म्हणून गेले, तेव्हाही वजन सारखेच भरले असणार. मी दारात उभा होतो. शेवटी कोपऱ्यातला खण राहिला. त्यात थोडेसे ङ होते, आणि वाटून झाल्यावर एक उरला.

बाबांनी तो काकांकडे सरकवला. "तू ठेव शंकर. तू लहान."

"नाही दादा, तुमी ठेवा. छापखाना तुमी उभा केला."

"तुह्या हातचं काम बारीक आहे. तुले लागीन."

"मले कायले लागते ङ? तुमीच ठेवा."

तो खिळा चार बोटे इकडे आणि चार बोटे तिकडे सरकत राहिला. काकांचे डोळे भरून आले होते, बाबांचा आवाज फाटला होता. मल्लय्याने खिडकीकडे तोंड केले. दोघांपैकी एकाने एक वाक्य उच्चारायचे होते. शेवटी ते मीच उच्चारले.

"बाबा, काका, दोघांचा म्हणून एकाच खणात ठेवा ना."

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिले, तीच भुवई, कपाळावर तीच आठी, आणि दोघे एकदमच म्हणाले, "तू मधात बोलू नको."

वेगळे झाल्यापासून दोन भावांनी एकमुखाने काढलेले ते पहिले वाक्य होते. त्यानंतर दोघे जिवंत असेपर्यंत दुसरे काही एकमुखाने बोलल्याचे मी ऐकले नाही.